जाड म्हणजे कडक नव्हे: पार्तागास डी-४ च्या निमित्ताने

नमस्कार. प्रतिक्रिया मनापासून लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पार्तागास सेरी डी नंबर ४ (थोडक्यात डी-४) या क्यूबन सिगारला मी १०० पैकी ९० गुण उगाच दिले, इतकी आखूड, जाड सिगार कडकच असणार, तिच्यात मिरी नि खोबरं शोधणं हे मनाचे खेळ, आणि एकाच सिगारवरून निकाल कसा देता?

जाडीचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. ओयो दे मॉन्तेरेची एपिक्योर नंबर २ घ्या. तीही क्यूबाचीच, लांबी तीच १२४ मिलिमीटर, जाडी तीच ५० रिंग. (इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०, म्हणजे जवळजवळ २० मिलिमीटर.) तरी एपिक्योर सकाळच्या कॉफीसोबत चालते आणि डी-४ रिकाम्या पोटी ओढली तर मला गरगरतं. फरक आहे तो सिगारच्या पोटात भरलेल्या पानांचा. झाडाच्या शेंड्याकडचं पान लिहेरो. ते ऊन जास्त खातं, म्हणून दमदार असतं आणि सावकाश जळतं. मधलं सेको सुगंध देतं, तळाचं व्होलादो आग धरून ठेवतं. लिहेरो किती घातलंय, त्यावर कडकपणा ठरतो. उलट जाडीने धूर निवतो. ४२ रिंगच्या, कोरोना नावाच्या बारीक सिगारपेक्षा ५० रिंगचा छेद सुमारे ४० टक्क्यांनी मोठा असतो, त्यामुळे तेवढ्याच झुरक्यात निखारा कमी तापतो.

तुमची जीभ पोळली त्याचं कारण तुमच्याच प्रतिक्रियेत आहे: 'पंचवीस मिनिटांत संपवली.' या मापाच्या सिगारला पाऊण ते एक तास द्यावा लागतो. मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई नको. निखारा तापला की कुठलीही सिगार कडू होते, आणि आखूड सिगारमध्ये तो ओठांजवळ लवकर येतो.

मिरी आणि खोबऱ्याचं म्हणाल, तर ते कोणी आत घातलेलं नसतं. पानं थप्पी लावून आंबवतात, पुढे मुरवतात, त्यात हे वास तयार होतात. विडीला तेंदूचं पान गुंडाळतात. इथे वरचं पानही तंबाखूचंच, त्यामुळे तेही चवीत उतरतं. धूर छातीत न घेता तोंडात फिरवा आणि त्यातला थोडासा नाकावाटे सोडा. डी-४ च्या सुरुवातीला नाकात मिरी झोंबते. मधल्या भागात मला लागलं ते तव्यावरचं खोबरं, करपायच्या बेतात आलेलं. तुम्हाला कदाचित दुसरं काही लागेल, पण काहीतरी लागेल हे नक्की.

एका सिगारवरून निकाल दिला, ही चूक मात्र माझीच. काल त्याच पेटीतली दुसरी पेटवली. ती गच्च वळलेली निघाली, धूर ओढताना गाल दुखले, निखारा एका बाजूने मागे राहिला. हाताने वळलेल्या मालात असं होतं, पण या किमतीला ते मी पोटात घालणार नाही. गुण ८६ केले आहेत. पेटीतली तिसरी ओढून झाली की त्याखालीच नोंद करतो.