आठव्या एडवर्डच्या नावाची नाणी भारतात निघाली होती

‘इंग्लंडचा राजा आणि भारताचा सम्राट आठवा एडवर्ड १९३६ साली वर्षभरही गादीवर राहिला नाही, त्यामुळे त्याच्या नावाचं एकही नाणं भारतात निघालं नाही. कच्छचं म्हणून दाखवतात ते बनावट, कारण त्यावर राजाचा चेहराच नाही’, असा मजकूर नाणी जमवणाऱ्यांत फिरतो आहे. तो खरा मानून कुणी अस्सल कोरी (कच्छचं चांदीचं नाणं) मोडीत घालू नये, म्हणून हे लिहितो आहोत.

पहिलं विधान इंग्रज सरकारच्या नाण्यांपुरतं बरोबर आहे. १९३६ साल असलेल्या सरकारी नाण्यांवर त्याच्या आधीचा राजा पाचवा जॉर्जच दिसतो. पण कच्छ संस्थानाची भुजला स्वतःची टांकसाळ होती आणि हिशेबही वेगळा होता: दोन त्रांबियोंचा एक दोकडो, तीन त्रांबियोंचा एक धिंगलो, सोळा धिंगलोंची एक कोरी. एडवर्ड २० जानेवारी ते ११ डिसेंबर गादीवर होता. त्याच्या नावाची चांदीची कोरी आणि पाच कोरींचा पांचियो भुजला पाडला गेला. ‘फक्त कच्छनेच काढली’ हेही चूक. जोधपूरचा तांब्याचा पाव आणा आहेच.

आता चेहऱ्याचं. कोरीवर चेहरा नसतो, हीच तिची ओळख. एका बाजूला फारसी लिपीत सम्राटाचं नाव आणि इसवी सन. दुसऱ्या बाजूला नागरीत कच्छचे राजे महाराव खेंगारजी यांचं नाव, विक्रम संवत, आणि त्रिशूळ, चंद्रकोर, कट्यार ही कच्छची चिन्हं. सम्राट बदलला की नवं चित्र कोरायला नको, ठशातली अक्षरं बदलली की झालं. असं नाव बदलणं भुजला नवं नव्हतं. गुजरातचा सुलतान तिसरा मुजफ्फरशहा याचं नाव कच्छच्या कोरीवर त्याची सल्तनत बुडाल्यावरही कितीतरी पिढ्या चालू राहिलं. पुढे दिल्लीचे शेवटचे बादशहा आले, मग व्हिक्टोरिया. म्हणून फारसी अक्षरं पाहून ‘हे मुसलमानी संस्थानाचं’ किंवा त्रिशूळ पाहून ‘हा देवळातला टाक’ असं ठरवू नका.

मग अस्सल ओळखायचं कसं? नुसत्या सालावर जाऊ नका. १९३६ या एकाच वर्षात तीन सम्राट झाले: पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज. फारसी बाजू भिंगाखाली धरा: ‘पंजम’ म्हणजे पाचवा, ‘शशम’ म्हणजे सहावा. आपल्याला हवा ‘हश्तम’, आठवा. मग संवत जुळवा. संवतातून ५६ किंवा ५७ वजा केले की इसवी सन येतं, म्हणजे १९३६ सोबत १९९२ किंवा १९९३ हवं.

मग वजन. कोरी सुमारे ४.७ ग्रॅम, पांचियो सुमारे १३.९ ग्रॅम. पांचियोत हजार भागांत ९३७ च्या आसपास भाग शुद्ध चांदी, कोरीत जेमतेम ६०१. त्यामुळे कोरीचा रंग थोडा मंद वाटला तर लगेच खोटी म्हणू नका. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर जोडाची रेघ दिसते, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि सपाट भागावर बारीक खड्डे असतात. ठशाने पाडलेल्या नाण्यावर असे खड्डे नसतात. चिंच-राख लावून मात्र घासू नका. अक्षरांचे कोपरे गेले की ‘हश्तम’ वाचताच येत नाही.

आणि एडवर्डचा चेहरा असलेला १९३६ चा ‘भारतीय रुपया’ कुणी पुढे केला, तर तो घेऊ नका. तसा रुपया चलनात आलाच नाही.