‘माणूस मिळत नाही’ म्हणता, मग बंद मागाचा हिशेब कुणाच्या खात्यावर?

इचलकरंजीत कुठल्याही यंत्रमागधारकाशी पाच मिनिटं बोला, सहाव्या मिनिटाला वाक्य येतंच: ‘माणूस मिळत नाही हो.’ त्याच्या मागोमाग पोरांना कष्ट नकोत, मोबाईल पाहिजे वगैरे ठरलेलं पुराण. माझं स्पष्ट मत आहे की हे निदान चुकलंय. तोच पोरगा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत मशीनपुढे आठ तास उभा राहतो की! मागावर तो का टिकत नाही, याचं उत्तर मजुरीच्या पद्धतीत आहे, आणि ते कागद-पेन्सिल घेऊन बसलं की दिसतं.

साधा माग घ्या, मिनिटाला 140 फेरे, फेऱ्याला एक आडवा धागा. कापड 52 पिकाचं, म्हणजे इंचात बाण्याचे, आडवे, 52 धागे. मीटरला साधारण 2050 पिकं झाली. बारा तासांच्या पाळीत माग एक क्षणही थांबला नाही तर 49 मीटर निघेल. असा माग जगात नसतो. बरा चालणारा माग 75 टक्के देतो, म्हणजे 37 मीटर. सहा माग सांभाळणाऱ्याचे झाले 220 मीटर. हेच प्रमाण 60 टक्क्यांवर उतरलं की 177. माणूस तोच, पाळी तीच, घाम कदाचित जास्तच, आणि मजुरी पाचव्या हिश्श्याने कमी. कारण मजुरी पिकावर आणि मीटरवर. माग थांबला की मीटर थांबला, मीटर थांबला की पगार.

माग थांबतो कशाने? थोडासा कामाच्या स्वभावानेच. 30 नंबरचं सूत भरलेली 30 ग्रॅमची कांडी दीड हजार मीटर धागा देते. 50 इंच पन्ह्याला ती बाराशे पिकांत, म्हणजे साधारण साडेआठ मिनिटांत संपते. सहा मागांवर मधला खोळंबा धरला तरी दर दीड-दोन मिनिटाला कुठल्या ना कुठल्या धोट्यातली (बाणा आरपार नेणाऱ्या होडीसारख्या तुकड्यातली) कांडी बदलायची असते. ज्यांना हे काम ‘नुसतं उभं राहायचं’ वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. कांडी बदलणं हे कामगाराचंच काम, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती तार, म्हणजे ताण्याचा उभा धागा, तुटण्याबद्दल, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा शेडच्या बाहेर असतं, सायझिंगमध्ये, म्हणजे ताण्याला खळ लावतात तिथे. ताण्याच्या सुतावर खळ चढते ती सुती धाग्याला वजनाच्या दहा-बारा टक्के लागते. स्टार्चमध्ये काटकसर केली, शिजवायला वेळ कमी दिला, की खळ धाग्यात मुरत नाही, वरवर बसते. मग मागावर फणीतून (तारा एकेका फटीतून नेणाऱ्या कंगव्यासारख्या चौकटीतून) घासताना ती पावडर होऊन झडते. मागाखाली, वही (तारा वर-खाली करणारी डोळ्यांची चौकट) आणि फणीच्या बरोबर खालच्या फरशीवर पांढरा भुगा साठलेला दिसला, तर समजावं की बिम, म्हणजे खळ दिलेला ताणा गुंडाळलेला रूळ, खराब आलंय. फणीच्या मागच्या बाजूला लवेच्या गोळ्या अडकत असतील तर खळ मुळातच कमी आहे. उलट बिम जास्त सुकवलं, ओलावा सहा-आठ टक्क्यांच्या खाली गेला, तर धागा कडक होतो आणि धोट्याच्या दणक्याला काडीसारखा तुटतो. तिसरा प्रकार म्हणजे खळीने शेजारच्या दोन तारा चिकटणे. त्या वहीपाशी सुटल्या नाहीत की दोन्ही तुटतात, कधी तिसरीलाही ओढून नेतात.

तार तुटली की टोक शोधायचं, गाठ मारायची, वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून काढायची, माग चालू करायचा. हात बसलेल्या माणसाला मिनिटभर लागतो. पण साध्या मागाला तार तुटल्यावर आपोआप थांबायची सोय नसते. माग चालतच राहतो, कापडात उभी चीर पडत जाते आणि कामगार पाचव्या मागावर कांडी बदलत असतो. परत येऊन बघतो तो चीर हातभर झालेली. मग घडी खात्यात, कापड तपासतात तिथे, ते कापड ‘डॅमेज’ ठरतं आणि कपात कुणाच्या नावावर पडते? खळ शिजवणाऱ्याच्या नक्कीच नाही.

बिम संपणं हा वेगळाच जाच. ताण्यात तीन हजार तारा आहेत असं धरा. नवं बिम आलं की प्रत्येक तार जुन्या तारेला जोडायची, किंवा कापडाची जात बदलली असेल तर वहिफणीवाल्यांकडून सगळ्या तारा नव्याने भरून घ्यायच्या. वहिफणीवाले हजर असले तर तीन-चार तास, दुसऱ्या शेडमध्ये अडकले असतील तर अख्खी पाळी. हजार मीटरचं बिम पाळीला 37 मीटरने, दिवसाच्या दोन पाळ्या धरून, तेरा-चौदा दिवस पुरतं. म्हणजे सहा मागांत दोन-सव्वादोन दिवसांनी एक माग बिमासाठी बंद. त्या वेळात कामगार पाच मागांवर कमावतो, आणि सहाव्याचा तोटा त्याचाच.

उन्हाळ्यात यात भर पडते. सुती धाग्याला शेडमध्ये 75-80 टक्के दमटपणा लागतो. एप्रिलमध्ये पत्र्याखाली तो राहत नाही, म्हणून खिडक्या बंद, फरशीवर पाणी. (‘इथे पंखा का नाही?’ असं पाहुणा विचारतो. पंख्याने तार सुकते, म्हणून नाही.) वर कान फोडणारा आवाज. आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते, आणि इथे पाळी बाराची. वीज गेली तर सहाही माग एकदम गप्प, तासाला अठरा मीटर गेले.

आता न्यायाने दुसरी बाजू. यंत्रमागधारक म्हणजे कुणी गब्बर गिरणीमालक नव्हे. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी धंद्याला आधार दिला, आणि तेव्हापासून हे शहर घराशेजारच्या शेडवर वाढलं. 2022 मध्ये महापालिका झाली, पण धंद्याचा सांगाडा तोच. बरेचसे खर्चीवाले आहेत: सूत व्यापाऱ्याचं, बिम व्यापाऱ्याने पाठवलेलं, कापडही त्याचंच, खर्चीवाल्याने फक्त विणायचं आणि पिकाला इतके पैसे घ्यायचे. खराब बिमाचा मार त्यालाही बसतो. फरक एवढाच, की त्याला तो मार खाली सरकवता येतो.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. बंद वेळ कामगाराच्या अंगावर टाकता येते म्हणून ती कुणी मोजतच नाही. दिवाणजीच्या वहीत मीटर असतात, माग किती वेळ आणि कशाने बंद होता हे नसतं. मग व्यापाऱ्याशी किंवा सायझिंगवाल्याशी भांडायला हातात काय? ‘बिम चांगलं नव्हतं’ एवढं मोघम वाक्य!

करायचं काय ते फार खर्चाचं नाही. प्रत्येक मागाशी पाटी लावा: बिम नंबर, किती वाजता बंद, कशाने बंद, कधी चालू. कारणं पाचच पुरेत: बिम, तार, वीज, जॉबर (माग दुरुस्त करणारा), कांडी नाही. कामगाराच्या चुकीशिवाय माग पंधरा मिनिटांच्या वर थांबला, तर त्या मागाच्या सरासरी मजुरीच्या निम्मी मजुरी द्या. बिम बदलाच्या चार तासांत बारा मीटर बुडतात, निम्मे म्हणजे सहा. हजार मीटरच्या बिमामागे सहा मीटरची मजुरी, यात कुणाचं दिवाळं निघत नाही. ‘कामगार मुद्दाम माग बंद ठेवेल’ हा आक्षेप येणार. चालू मागावर पूर्ण मजुरी असताना अर्ध्या मजुरीसाठी माग बंद ठेवायला तो खुळा आहे का?

शिवाय तार तुटल्यावर माग थांबवणारं उपकरण, नीट धरणारा ब्रेक, ताणा सारखा सोडणारी यंत्रणा हे सगळं जुन्या मागालाही बसतं. केंद्राने साध्या मागांच्या सुधारणेला अनुदानही दिलं होतं. पण 27 अश्वशक्तीच्या आत राहिलं की वीज सवलतीचा गट वेगळा, म्हणून शेड लहान ठेवायची, भावाभावांच्या नावावर वाटायची, आणि मग सुधारणेला भांडवल नाही म्हणायचं, हेही आपल्याकडे चालतं.

उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार आणून काही वर्षं ढकलता आली. तेही हिशेब करतात, गावाकडून फोनवर दुसऱ्या शहरातला दर विचारून घेतात.

कामगार संघटनांनाही एक सांगणं. दरवेळी बोलणी होतात ती 52 पिकाच्या मीटरला किती पैसे वाढवायचे यावर, आणि दिवाळीच्या तोंडावर बोनसवर. 60 टक्क्यांवर चालणाऱ्या मागाला दर दहा टक्क्यांनी वाढवून मिळाला, तरी 75 टक्क्यांवर जुन्या दराने मिळायचे त्यापेक्षा कमीच पडतात. पुढच्या बैठकीत दराच्या आकड्याआधी बंद वेळेच्या पाटीचा विषय काढा, आणि खराब बिमाच्या डॅमेजची कपात कामगाराच्या नावावरून काढायची मागणी लेखी द्या.