१ नोव्हेंबरच्या दोन बातम्या

बेळगावात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने स्वतंत्र संशोधन प्रकल्पासाठी असा विषय मांडला होता की, कर्नाटकाच्या स्थापनेचा १ नोव्हेंबर हा एकच दिवस मराठी वृत्तपत्रांत काळा दिवस म्हणून आणि कन्नड वृत्तपत्रांत राज्योत्सव म्हणून कसा छापून येतो ते पाहावे, आणि त्या दोन बातम्या शेजारी ठेवून आधुनिकता व उत्तर-आधुनिकता या अभ्यासक्रमातल्या संकल्पनांचा अर्थ लावावा. विषय नाजूक आहे, दुसरा घ्यावा, असे उत्तर तिला मिळाले. "विषय बदल म्हणालेत, मामा," एवढेच ती फोनवर बोलली. घरात मात्र वाद पेटला तो निराळ्याच शब्दावरून. टिपणात तिने सीमालढ्याचा, म्हणजे बेळगावसह मराठीभाषक गावे महाराष्ट्रात यावीत या लढ्याचा, उल्लेख 'एक कथन' असा केला होता आणि आयुष्यभर महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चांत चाललेल्या माझ्या थोरल्या काकांना तो सहन झाला नाही. "कथन म्हणजे गोष्ट. आम्ही लाठ्या खाल्ल्या त्या काय गोष्टीत खाल्ल्या?"

मी हा वाद कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातील माँट्रियालमधून ऐकतो. येथे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासणे हा माझ्या नोकरीचा भाग आहे, आणि काकांना न पटणाऱ्या शब्दाचा येथल्या प्रांताशी थेट संबंध आहे. 'महाकथनांवरचा', म्हणजे राष्ट्र, प्रगती यांसारख्या सगळ्यांना कवेत घेणाऱ्या मोठ्या कथनांवरचा, 'विश्वास उडणे' अशी उत्तर-आधुनिकतेची ओळख फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांनी १९७९ साली ज्या अहवालात करून दिली, तो त्यांनी क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी लिहिला होता. त्याच सरकारने दोनच वर्षांपूर्वी फ्रेंच भाषेची सनद कायद्याने लागू केली होती आणि पुढच्याच वर्षी प्रांताच्या सार्वभौमत्वावर जनमत घेतले. महाकथन उभारण्यात गुंतलेल्या सरकारच्याच पैशाने महाकथनांवरील अविश्वासाचा अहवाल तयार झाला, ही गंमत वर्गात सांगितली की विद्यार्थी हसतात. मला मात्र दर वेळी आमचे बेळगाव आठवते.

काकांच्या रागात तथ्य आहे, कारण सीमाभागाची मागणी ही आधुनिकतेचेच अपत्य आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा या चार सूत्रांवर महाराष्ट्राने ८६५ गावांचा दावा मांडला. त्यात जनगणना आहे, नकाशा आहे, आणि पुरावा दिला की न्याय मिळतो हा विश्वास आहे. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने बेळगाव शहर तत्कालीन म्हैसूर राज्यातच ठेवले, तेव्हा महाराष्ट्राने त्यातील विसंगतींवर बोट ठेवले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दावा अजून निकाली निघालेला नाही. ज्यांचा आधुनिकतेशी केलेला व्यवहारच अर्धवट राहिला आहे, त्यांना आधुनिकता संपल्याचे शिकवायला जाणे उद्धटपणाचे वाटले तर नवल नाही.

तरीही भाचीचा शब्द मला चुकीचा वाटत नाही. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा तेथेच कर्नाटक एकीकरणाची परिषद झाली. १९४६ साली साहित्यिक ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले ते बेळगावातच, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथेच झाला. दोन महाकथनांना एकाच गावात, बावीस वर्षांच्या अंतराने, बळ मिळाले. मी बेळगावात शिकलो तेव्हा दुसरी तारीख मला पाठ होती. पहिलीतील काँग्रेस अधिवेशनच तेवढे ठाऊक होते, एकीकरण परिषद नव्हे. वृत्तपत्रांचा इतिहास आम्हाला संपादकांची नावे आणि सनावळी म्हणून शिकवला गेला, आणि एकाच दिवसाच्या दोन भाषांतील बातम्या समोरासमोर ठेवा असे कोणी सुचवले नाही. पाठ्यपुस्तकाने जे सांगितले नाही ते विद्यार्थ्याला स्वतःच्या शोधातून सापडावे, एवढ्यासाठीच स्वतंत्र प्रकल्प असतो.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने दुकानांच्या पाट्यांवरील वादाच्या जुन्या बातम्या अभ्यासल्या. केवळ फ्रेंच पाट्यांची सक्ती १९८८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, प्रांताने न्यायालयाचा निकाल बाजूला ठेवू देणारे राज्यघटनेतील अपवादाचे कलम वापरून दुकानाबाहेरच्या पाट्यांसाठी ती चालू ठेवली आणि १९९३ मध्ये फ्रेंच ठळक राहील या अटीवर इतर भाषांना वाट दिली. तिच्या मार्गदर्शकाने विषय नाजूक आहे का हे विचारले नाही. दोन्ही भाषा वाचता येतात का, एवढेच विचारले. कर्नाटकात २०२४ पासून पाटीवर साठ टक्के कन्नडचा नियम आहे, त्यावर हाच प्रश्न विचारता आला असता. अर्थात येथून हे बोलणे सोपे आहे. येथल्या पाटीच्या वादात माझ्या घरातल्या कोणाच्या पाठीवर लाठी पडलेली नाही.

म्हणून मी भाचीला एक गोष्ट बजावली. दोन्ही बाजूंची आपापली कथने आहेत एवढे लिहून प्रबंध थांबला, तर तो सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्याच सोयीचा होईल. तालुका कचेरीतील सूचना खानापूरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाचता येत नसेल, तर तो कथनाचा प्रश्न नाही. स्थानिक लोकसंख्येत भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचे धोरण १९५६ पासूनचे आहे. ते कितपत पाळले जाते हे फलकांसमोर उभे राहून मोजता येते, आणि ते मोजणे हेच आधुनिक पत्रकाराचे काम आहे. बातमीची भाषा उलगडताना तिने ल्योतार वापरावा. फलक मोजताना वही-पेन्सिल पुरे.

अधिकृत विषय तिने बदलला आहे: सीमाभागातील वृत्तपत्रांतील सार्वजनिक सूचनांची भाषा. मूळ विषय ती गुणांवाचून करणार आहे. काकांच्या ट्रंकेत १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनापासूनची कात्रणे आहेत, सगळी मराठी. कन्नड का ठेवली नाहीत असे तिने विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ती वाचून दाखवायला तेव्हा घरात कोण होतं?" भाचीला शाळेपासून कन्नड येते. दिवाळीच्या सुट्टीत ती वाचनालयातील जुन्या कन्नड अंकांतून त्याच तारखांच्या बातम्या उतरवून आणणार आहे आणि त्या काकांना मराठीत वाचून दाखवणार आहे. काकांची अट एकच: ट्रंकेतले कात्रण ट्रंकेबाहेर न्यायचे नाही.