प्रीफेच उडवा, म्हणे!

"विंडोज आणि आर ही बटणं दाबा, 'प्रीफेच' टाइप करा, उघडलेल्या फोल्डरात दिसेल ते सगळं डिलीट करून रीस्टार्ट करा. कॉम्प्युटर नव्यासारखा पळेल!" विंडोज एक्सपीच्या जमान्यातला हा सल्ला परवा आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी पुन्हा टाकला, कारणांसकट. ती कारणंच तपासू.

'हा जुना कचरा आहे.' कचरा कसला, टिपणं आहेत ती. प्रोग्रॅम उघडला की पहिल्या दहा सेकंदांत त्यानं कोणत्या फाइलींचे कोणते तुकडे मागितले, हे विंडोज .पीएफ फाइलीत लिहून ठेवतं. पुढच्या खेपेला मागणीची वाट न बघता ते तुकडे एकदमच मेमरीत आणतं. वाण्याकडे एकेका जिनसेसाठी पळण्यापेक्षा यादी घेऊन जावं, तसं. 7200 आरपीएमच्या (मिनिटाला 7200 फेरे मारणाऱ्या) हार्ड डिस्कला एक फेरा मारायला 8.3 मिलिसेकंद लागतात, डेटा वाचणारं हेड सरकायचा वेळ वेगळा. असे शेकडो हेलपाटे वाचतात. एक्सपी तर साधारण दर तीन दिवसांनी, मशीन रिकामं असताना, या फाइली डिस्कवर शेजारी शेजारी नेऊन बसवायचं. (एखादा प्रोग्रॅम किती वेळा चालला, शेवटचा कधी, हेही या टिपणांत असतं. सायबर तपास करणाऱ्यांना विचारा त्यांची किंमत!)

'चालू होताना विंडोज यातले सगळे प्रोग्रॅम लोड करतं.' साफ चूक. .पीएफ वाचली जाते ती तो प्रोग्रॅम उघडताना. बूटचं, म्हणजे विंडोज चालू होतानाचं, टिपण वेगळं असतं, आणि तेही कशानंतर काय चालू होणार हा क्रम ठरवत नाही, फक्त लागणारा माल आधी आणून ठेवतं. क्रम ठरतो दुसरीकडे. बूट मॅनेजर हा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम विनलोड या विंडोज लोड करणाऱ्या प्रोग्रॅमला उठवतो. विनलोड कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणतं, सोबत रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'स्टार्ट' 0 असलेले ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर वगैरे चालवणारे प्रोग्रॅम. 1 वाले कर्नल सुरू होताना, 2 वाल्या सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) त्यानंतर, 3 म्हणजे गरज पडली तर, 4 म्हणजे बंद. एकाच आकड्याचे अनेक असले तर कोणता गट आधी, याचीही यादी रजिस्ट्रीतच आहे. रजिस्ट्रीतली 'रन' ही नोंद आणि स्टार्टअप फोल्डर यांतली मंडळी येतात ती तुम्ही लॉगिन केल्यावर.

'फोल्डर फुगत जातं.' विंडोज 7 पर्यंत 128 फाइली, 8 पासून 1024. त्यापुढे जुन्या आपोआप जातात.

'मी करून पाहिलं, फरक पडला.' रीस्टार्टही केलंत ना, काका? फरक बहुतेक त्याचाच. टिपणं गेल्यावर प्रोग्रॅमची पहिली खेप उलट थोडी सावकाश होते. कायमचं नुकसान मात्र नाही, विंडोज सगळं पुन्हा लिहून काढतं. आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) असेल तर हेड सरकायचा प्रश्नच नसल्यानं फायदा-तोटा दोन्ही जेमतेम.

बूटनंतर खरंच रखडत असेल तर टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' टॅब उघडा. काकांच्या लॅपटॉपवर तिथे तीन वर्षांपूर्वी विकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर रोज सकाळी हजेरी लावत होतं.