हत्ती खिशात घालायचा असेल तर

'द विचर ३' तुम्ही कॉम्प्युटरवर दोनदा संपवला आहे. २०१५ चा खेळ, कुठल्याशा सेलमध्ये पडत्या भावात घेतलेला, मोठ्या पडद्यावर, सेकंदाला साठ चित्रांनी, म्हणजे साठ फ्रेम्सनी, डोक्यावर पंखा लावून. म्हणजे पूर्वतयारी झाली. आता तोच खेळ निंटेंडो स्विच या हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर पूर्ण किमतीला, अर्ध्या वेगात आणि पाव चित्रात पुन्हा विकत घ्या. घरात कोणी "का?" विचारलं तर "हातात धरून खेळता येतो" एवढंच सांगायचं. "कुठं खेळणार?" हा पुढचा प्रश्न यायच्या आत खोलीतून बाहेर पडायचं.

आधी यंत्राचं बघू. स्विच मार्च २०१७ मध्ये आला आणि कंपनीने तो भारतात अधिकृतपणे विकायला आणलाच नाही. त्यामुळे साताऱ्यात पोवई नाक्यावर चौकशी केलीत तर टीव्हीला जोडायचा तो डबा पुढं येईल, ज्याच्या खोक्यावर ९९९९ खेळ लिहिलेले असतात आणि आत फिरून फिरून सहाच असतात. तो नम्रपणे परत करा. पुण्या-मुंबईत आयात करून विकणारे आहेत, नाहीतर परदेशातून येणाऱ्या आत्याच्या मुलाला गळ घाला. तो जपानहून येताना स्वस्तात पुढचं यंत्र, स्विच २, आणतो म्हणाला तर अजिबात अडवू नका. बाजारात आलं तेव्हा ४९,९८० येनला असलेलं ते मॉडेल फक्त जपानी भाषेत चालतं आणि फक्त जपानचंच खातं जोडून घेतं. मेन्यूच वाचता येत नाही म्हटल्यावर सेटिंग्ज बिघडवायची भीती कायमची मिटते. ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तेव्हा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, साधा कन्व्हर्जन प्लग पुरतो. तो बोर्डात सैल बसणारा निवडा. रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी ९ टक्के बघण्यात जी मजा आहे ती पूर्ण बॅटरीत नाही.

सेकंडहँड घेत असाल तर मागचा मॉडेल नंबर वाचू नका. वाचलात तर कळेल की नुसतं एचएसी-००१ लिहिलेला २०१७ चा आहे आणि त्यापुढं कंसात उणे शून्य-एक असलेला २०१९ चा. दोन्हींत बॅटरी तीच, ४३१० एमएएचची. पण चिप २० नॅनोमीटरच्या बांधणीवरून १६ च्या बारीक, कमी वीज खाणाऱ्या बांधणीवर आली, म्हणून पहिला अडीच ते साडेसहा तास चालतो आणि दुसरा साडेचार ते नऊ. एवढं कळलं की माणूस उगाच चोखंदळ होतो आणि विकणाऱ्याचा हिरमोड होतो.

आता एवढा मोठा खेळ आत बसवतात कसा? वन-बीएचकेमध्ये लग्न लावायचं तर जसं करावं लागतं तसंच. पाहुणे कमी, पंगती दोन आणि मांडव गच्चीवर. ४के टीव्हीवर एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, १०८०पी मध्ये सुमारे २१ लाख. स्विच हातात धरल्यावर 'विचर' जास्तीत जास्त ५४०पी मध्ये चालतो, म्हणजे ९६० गुणिले ५४०, पाच लाखांच्या थोडं वर. त्यातही गर्दी वाढली की यंत्र आणखी कमी ठिपके काढतं आणि ते ताणून ७२०पीच्या पडद्यावर पसरवतं. पडदा ६.२ इंचांचा असल्यामुळे हे लांबून खपून जातं. म्हणून तुम्ही यंत्र डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये, घालून हाच खेळ ४३ इंची टीव्हीवर लावा आणि सोफ्यावर सगळ्यांना बोलवा. तिथं तो ७२०पी पर्यंत जातो. खेळाचा नायक गेराल्ट याची दाढी आणि त्याच्या मागचं गवत यांत फरक ओळखायचा खेळ घरच्यांना फुकट मिळेल.

वेगाचं गणित याहून गोड आहे. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो, म्हणजे एका पाळीला १६.७ मिलिसेकंद. ३० फ्रेम्सच्या खेळाला दोन पाळ्या मिळतात, ३३.३ मिलिसेकंद. चित्र त्यात झालं नाही तर ३४ व्या मिलिसेकंदाला तयार होऊनही उपयोग नसतो, तिसऱ्या पाळीपर्यंत थांबावं लागतं. एसटी एका मिनिटाने चुकली तरी पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसावं लागतं, त्यातलाच प्रकार. तीन पाळ्या झाल्या की ५० मिलिसेकंद, आणि ३० चे थेट २० फ्रेम्स. हा झटका अनुभवायचा असेल तर खेळातल्या नोविग्राड शहरात शिरा. संध्याकाळी राजवाड्याच्या चौपाटीवर असते तशी तिथं माणसं असतात आणि त्या प्रत्येकाला कुठं जायचंय हे ठरवायला १.०२ गिगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर असतो. त्यातलेही तीनच कोअर खेळाच्या वाट्याला येतात. ग्राफिक्सची चिप हातात ३८४, फार तर ४६० मेगाहर्ट्झवर चालते, डॉकमध्ये ७६८ वर. मेमरी एकूण ४ जीबी, त्यातलाही एक भाग यंत्राच्या स्वतःच्या संसाराला जातो.

लांबचं काय? लांबचं नसतंच. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढताना दहा हातांवरचं झाड अचानक अंगावर येतं, तसं इथं सगळं येतं. झाड, कुंपण, म्हैस, कधीकधी अर्धी म्हैस. याला दोष म्हणू नका, वातावरणनिर्मिती म्हणा. साताऱ्याच्या माणसाला धुक्याचे पैसे मोजायची सवय आहे, सुट्टीत महाबळेश्वरला आपण दुसरं काय करतो?

इथं थोडं सरळ बोलावं लागेल. 'विचर'चं स्विचवरचं पोर्ट, म्हणजे या यंत्रासाठी बेतलेली आवृत्ती, ऑक्टोबर २०१९ मध्ये आलं. मूळ खेळ आणि दोन्ही मोठे विस्तार ३२ जीबीच्या एका कार्डावर बसवले, आणि शहरातली माणसं न हाकलता बसवले. ही कारागिरी आहे. नोव्हेंबर २०१७ चं 'डूम' तसंच. साठचे तीस फ्रेम्स केले, चित्र धूसर केलं, पण बंदुकीचा ठेका हरवू दिला नाही. काय कापायचं हे ज्याला कळतं तोच शिंपी. उलट सप्टेंबर २०२३ चं 'मॉर्टल कॉम्बॅट १' बघा. आलं तेव्हा मोठ्या यंत्रांवर किंमत ७० डॉलर, स्विचवरही ७० डॉलर, आणि चेहरे असे की मार कोण खातंय ते रंगावरून ओळखावं. त्याच वर्षीच्या 'हॉगवर्ट्स लेगसी'त बाकीच्या यंत्रांवर हॉग्समीड गावात चालत चालत शिरता येतं, इथं वेशीवर लोडिंगचा पडदा लागतो. जकात नाके बंद झाल्याची हळहळ ज्यांना वाटते त्यांनी हे जरूर घ्यावं.

तुम्ही मात्र कुठलंही घेण्याआधी तुलनेचा व्हिडिओ बघू नका. विशेषतः हातात धरलेल्या स्थितीतला भाग असलेला तर नकोच. आणि घेतलात 'विचर', तर फेब्रुवारी २०२०च्या अपडेटपासून ग्राफिक्सच्या मेन्यूत जे पर्याय आलेत त्यांना हात लावू नका. हालचालीत चित्र पुसट करणारं मोशन ब्लर आणि लांबचं धूसर करणारं डेप्थ ऑफ फील्ड बंद केलं की चित्र लगेच स्वच्छ दिसतं, शार्पनिंग बेताचं ठेवलं की अक्षरं खटकत नाहीत. त्याच अपडेटमुळे स्टीम किंवा जीओजी या कॉम्प्युटरी खेळांच्या दुकानांवरचा सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, स्विचवर ओढता येतो, म्हणजे ऐंशी तासांची मेहनत पुन्हा करावी लागत नाही. पण ती मेहनत पुन्हा करायला मिळावी म्हणून तर आपण पैसे भरलेत.

प्रवासात खेळायचं तर स्वारगेट-सातारा एसटी धरा. अडीच-तीन तासांचा रस्ता आणि जुन्या यंत्राची जड खेळातली अडीच तासांची बॅटरी, पत्रिका जुळल्यासारखं जुळतं. कात्रजच्या बोगद्याआधी पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा आणि वायफाय चालूच ठेवा, म्हणजे बॅटरी वाटेतल्या सुरूरच्याही आधी मान टाकेल. खंबाटकी चढताना घोड्यावरून दौड करा. बस डावीकडे, घोडा उजवीकडे आणि पोट मध्ये. पॉवरबँक घ्यायची झाली तर फक्त ५ व्होल्टची घ्या. ती लावून जड खेळ खेळला की बॅटरी चढतही नाही आणि धड उतरतही नाही, ब्रह्मस्थितीच ती. १८ वॅटपर्यंत पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, देणारी १०,००० एमएएचची बँक घेतलीत तर खेळता खेळता चार्जिंग होईल, मग तक्रारीला जागा कुठली? शेजारच्या सीटवरचे काका "किती एमबीचा मोबाइल?" असं विचारतील. त्यांना गर्दीप्रमाणे ठिपके कमी-जास्त करणारं डायनॅमिक रिझोल्यूशन समजावून सांगा. शिरवळला ते मागची सीट शोधतील.

एक कबुली मात्र द्यायला हवी. या यंत्रातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे वरचं बारकं बटण. कंडक्टर तिकीट मागायला आला की ते दाबा. राक्षसाची तलवार हवेत राहते आणि तीन दिवसांनी बटण दाबलंत तर तिथूनच खाली येते. कॉम्प्युटरवर एवढ्यासाठी आधी लढाई संपवून सेव्ह करावं लागतं. लोक या पोर्टच्या प्रेमात पडतात ते बहुतेक या बटणामुळे, पण सांगताना ग्राफिक्सचं नाव सांगतात.

अक्षरं दिसत नाहीत? दिसणारच नाहीत. ती सोफ्यावरून टीव्ही बघणाऱ्यासाठी काढलेली आहेत. सिस्टिम सेटिंग्जमध्ये झूम चालू केलं की होमचं बटण दोनदा दाबून चित्र मोठं करता येतं, एक्स दाबला की जवळ, वाय दाबला की लांब. पण पेन्शनरांच्या गावात राहता, बाबांचा चष्मा टेबलावरच असतो. तो लावा.

मेमरी कार्डाबाबत सल्ला सोपा आहे: जे सगळ्यात स्वस्त ते. पहिल्या स्विचमध्ये ३२ जीबी जागा, त्यातली २५च्या आसपास वापरायला मिळते. एक मोठा खेळ डाउनलोड केला की घर भरलं. अडीचशे रुपयांत ५१२ जीबी देणारं कार्ड यावर रामबाण आहे. त्यात खरी जागा फार तर ३२ जीबीची असते आणि वरचं सगळं लिहिलेल्यावर लिहिलं जातं, त्यामुळे खेळ डाउनलोड होतो आणि अर्ध्यात फाइल खराब असल्याचं कळतं. कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा तपासणीचा प्रोग्राम चालवून पूर्ण कार्ड भरून तपासलं तर अर्ध्या दिवसात खोटं पकडलं जातं. आपण व्यवहारात विश्वास ठेवतो, तपासत नाही. शिवाय सेव्ह कार्डात नसतात, यंत्राच्या आतच असतात. "कार्ड काढून ठेवलंय, आता खुशाल फॉरमॅट मार" हे वाक्य मित्राला म्हणायच्या आधी हे आठवू नये.

कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप वर जायला लागेल. गेराल्ट न सांगता चालू लागेल, बहुधा नदीकडे. आत कार्बनचा पातळ थर असतो, घासून झिजतो, त्याची भुकटी आणि बाहेरची धूळ एकत्र बसते. सेटिंग्जमध्ये जाऊन कॅलिब्रेट केल्यावर आठवडाभर सुधारल्यासारखं वाटेल. मग हॉल इफेक्टची स्टिक मागवा, तिच्यात चुंबक असतो, घासणारं काही नसतं. घरातल्या चारपाकळी स्क्रूड्रायव्हरने जॉय-कॉन, म्हणजे बाजूचा कंट्रोलर, उघडायला घ्या. मागचे चार स्क्रू वाय आकाराचे असतात, त्यामुळे दुसऱ्याच फिरकीला त्यांचं तोंड गुळगुळीत होईल. दीड मिलिमीटरचा वाय ड्रायव्हर आणलातच तर झाकण झटक्यात उघडा, म्हणजे दोन भागांना जोडणारी रिबन तिथंच फाटेल. सावकाश, पुस्तकासारखं उघडून, आधी बॅटरीची पिन काढून, रिबनच्या कुलपाची पट्टी नखाने उचलून काम करणारेही लोक आहेत. त्यांचं वीस-तीस मिनिटांत होतं. त्यांना सांगण्यासारखा किस्सा मात्र उरत नाही.

हे सगळं जमलं की स्विच २ घ्या. ५ जून २०२५ ला तो आला आणि त्याच दिवशी 'सायबरपंक २०७७' आला, ६४ जीबीच्या कार्डावर अख्खा. हातात धरून ३० किंवा ४० फ्रेम्स. हे ४० उगाच नाहीत, पडदा सेकंदाला १२० वेळा रंगतो, तेव्हा तीन पाळ्यांना एक चित्र असं बरोबर बसतं. चिप कमी ठिपके काढते आणि उरलेले डीएलएसएस नावाचं तंत्र अंदाजाने भरतं, अंदाज बराच चांगला असतो. म्हणजे तक्रारीचं मुख्य कारणच गेलं. पण निराश होऊ नका. बॅटरी ५२२० एमएएचची, वेळ २ ते साडेसहा तास, तेव्हा सुरूर आहेच. जुनं मायक्रोएसडी खेळ साठवायला चालत नाही, एक्स्प्रेस नावाचं महाग कार्डच लागतं. आणि बरेच खेळ गेम-की कार्डावर येतात, ज्यात खेळ नसतो, फक्त किल्ली असते. साठ जीबीचा खेळ ४० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला तीन तास वीस मिनिटं, तेही लाइन एकसारखी राहिली तर. उतरल्यावरही किल्ली आत घालूनच ठेवायची. कुलूप आपलं, घर आपलं, किल्लीही आपली, आणि तरी दर वेळी दारात ओळखपत्र.

आता शेवटची व्यवस्था लावून घ्या. यंत्र खरं तर 'स्टारड्यू व्हॅली' खेळण्यासाठी वापरलं जाणार आहे. दीड-दोनशे तास तुम्ही त्यात गाजरासारखे पार्सनिप आणि भोपळे लावणार आहात. गावाकडून उसाला रात्रीचं पाणी द्यायला बोलावलं की पाठ धरते, इथं मात्र झारी घेऊन पहाटे तीनपर्यंत उभे. हे बाहेर कळता कामा नये. होमच्या पडद्यावर शेवटी खेळलेला खेळ सगळ्यात पुढं येतो, म्हणून पाहुणे यायच्या आधी 'विचर' अर्धा मिनिट उघडा आणि बंद करा. मग प्रोफाइलमध्ये जा, युजर सेटिंग्ज, तिथं प्ले ॲक्टिव्हिटी सेटिंग्ज, आणि कोणाला दिसावं याच्या पुढं "कोणालाच नाही" निवडा.