विमबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

विम हा टर्मिनलमधला टेक्स्ट एडिटर, टीमक्स म्हणजे टर्मिनलमधली सेशन चालू ठेवणारा प्रोग्रॅम, आणि आयडीई म्हणजे एडिटर, डीबगर वगैरे एकत्र असलेलं तयार साधन. मी वापरतो त्या साधनांवरच्या लेखाखाली तुम्ही नाव न देता लिहिलंत: “टर्मिनलमधला विम आणि टीमक्स म्हणजे निव्वळ दिखावा. एस्केप दाबल्यावर अर्धा सेकंद काही होत नाही. पन्नास फाइलींत एका फंक्शनचं नाव बदलायचं तर तुम्ही लोक दिवसभर एकेक फाइल उघडत बसणार. धड डीबगर नाही, नव्या सहकाऱ्याला काही उमगत नाही. तयार आयडीई असताना शिकणाऱ्यांची दिशाभूल करू नका.”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘दिखावा’ आणि ‘दिशाभूल’ हे आक्षेप साधनांवरचे नाहीत, माझ्या हेतूवरचे आहेत. सगळ्यांनी विमच वापरावा असं मी लेखात कुठे म्हटलंय, ते वाक्य दाखवा. न वाचलेल्या मजकुरावर असा शेरा मारायचा आणि वर शिकणाऱ्यांची काळजी सांगायची, हे मला पटत नाही.

एस्केपचा मुद्दा मात्र बरोबर आहे, तो मान्य. बाणांच्या कळा दाबल्या की टर्मिनल जी अक्षरमालिका पाठवतो, तिची सुरुवात एस्केपनेच होते. म्हणून नुसतं एस्केप आलं तरी मागून आणखी काही येतंय का, याची टीमक्स वाट बघतो. जुन्या आवृत्त्यांत ही वाट ५०० मिलिसेकंदांची होती, ३.५ पासून १० आहे. तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल तर टीमक्सच्या कॉन्फिगमध्ये एस्केप-टाइम १० करा आणि सोर्स-फाइलने ती फाइल पुन्हा वाचायला लावा, कारण चालू सर्व्हर ती आपणहून वाचत नाही. शून्य करू नका. नेटवर्क संथ असलं की बाणाची मालिका तुटते, विमला सुटं एस्केप मिळतं आणि टाइप करता करता तुम्ही इन्सर्ट मोडच्या (मजकूर लिहिण्याच्या अवस्थेच्या) बाहेर पडता. तरीही रेंगाळलं तर विममध्ये टीटाइमआउट (कळांच्या मालिकेसाठी थांबण्याची मर्यादा) चालू करून टीटाइमआउटलेन ५० मिलिसेकंद ठेवा.

आता ते “दिवसभर एकेक फाइल” वाक्य. हे लिहिण्याआधी निदान एकदा करून बघायला हवं होतं.

तुमच्या आयडीईत एफ२ दाबल्यावर नाव कोण बदलतं? तुम्ही व्हीएस कोड वापरत असाल तर बहुतेक भाषांसाठी ते काम लँग्वेज सर्व्हर (कोड समजून घेणारा वेगळा प्रोग्रॅम) करतो, एडिटर नव्हे. एडिटर आणि या सर्व्हरमधल्या संवादाचा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये सगळ्या एडिटरांसाठी खुला केला. गोसाठी गोप्ल्स, रस्टसाठी रस्ट-अ‍ॅनालायझर, सी++साठी क्लँगडी: हेच सर्व्हर निओविम (विमपासून फुटून निघालेला एडिटर) हाही चालवतो. ०.११ आवृत्तीपासून तर ‘जीआरएन’ ही तीन अक्षरं नाव बदलण्यासाठी मुळातच बांधलेली आहेत. क्लँगडी अर्धवट उत्तरं देत असेल तर एडिटरला दोष देण्याआधी प्रोजेक्टच्या मुळाशी कंपाइल-कमांड्सची जेसन फाइल (कोणती फाइल कशी कंपाइल होते याची नोंद) आहे का ते बघा. सीमेक या बिल्डच्या साधनात ती एका पर्यायाने तयार होते. आणखी एक: नाव बदलल्यावर निओविम बाकीच्या फाइली बफरमध्ये (मेमरीतल्या प्रतीत) बदलून ठेवतो, डिस्कवर लिहीत नाही. शेवटी सगळ्या फाइली डिस्कवर लिहिणारं ‘:वॉल’ द्यावंच लागतं. ते राहिलं की बिल्ड जुन्याच नावावर अडतं आणि लोक “विमला जमत नाही” म्हणून मोकळे होतात.

पण लँग्वेज सर्व्हरला कोड कळतो. वायएएमएलच्या कॉन्फिग फाइलमधलं, टेम्प्लेटमधलं, स्ट्रिंगमधलं नाव त्याच्या हिशोबात सहसा नसतं. प्रॉडक्शनमध्ये फुटतं ते बहुधा तिथेच, आणि म्हणून मला दुसरी पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. आधी गिटमध्ये कमिट करून घ्या, म्हणजे मागे येता येतं. विमच्या शोधासाठीचा ग्रेपप्रोग्रॅम म्हणून रिपग्रेप हे शोधसाधन लावा, त्याला ‘विमग्रेप’ पर्याय द्या. ‘:ग्रेप’ने जुनं नाव शोधा, ‘:कोपन’ने क्विकफिक्स यादी (सापडलेल्या जागांची यादी) उघडा आणि ती खरोखर वाचा. मग ‘:सीएफडू’ वापरून प्रत्येक फाइलभर सब्स्टिट्यूट (शोधून बदलण्याची कमांड) चालवा आणि त्यालाच जोडून ‘अपडेट’ द्या, म्हणजे बदललेली फाइल लगेच डिस्कवर जाते. जुन्या नावाच्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेच्या खुणा हव्यात, नाहीतर ‘यूजर’ बदलताना ‘यूजरनेम’ही बदलेल. सीएफडूऐवजी यादीतल्या प्रत्येक नोंदीवर चालणारा ‘:सीडू’ घेतलात तर ‘ई’ फ्लॅग (काही न सापडल्यास एरर न देणारा) विसरू नका. एका ओळीत ते नाव दोनदा असेल तर यादीत दोन नोंदी येतात. पहिली नोंद ‘जी’ फ्लॅगमुळे दोन्ही नावं बदलून टाकते, दुसरीला काहीच सापडत नाही, एरर येतो आणि सीडू तिथेच थांबतो. निम्म्या फाइली बदललेल्या, निम्म्या तशाच. शेवटी गिट डिफ बघा. फसलं असेल तर गिट रिस्टोअर आहेच.

मोजून सहा-सात कमांड. यात दिवस कुठे जातो, ते तुम्हीच सांगा.

आणि दिखाव्याबद्दल. गेली अनेक वर्षं माझं बहुतेक काम एसएसएचने (टर्मिनलमधून लॉगिन करून) दूरच्या लिनक्स मशीनवर चालतं. तिथे स्क्रीन नसते आणि बघायलाही कोणी नसतं. कनेक्शन तुटलं तरी टीमक्सचा सर्व्हर त्या मशीनवर चालूच राहतो, त्यामुळे त्यातलं बिल्डही चालू राहतं. टीमक्सच्या ‘न्यू’ कमांडला ‘ए’ पर्याय आणि सेशनचं नाव दिलं की सेशन असेल तर जोडलं जातं, नसेल तर नवं बनतं. व्हीएस कोडलाही दूरच्या मशीनवर काम करता येतं, पण त्यासाठी तिथे त्याचा स्वतःचा सर्व्हर उतरवावा लागतो आणि त्याच्या हल्लीच्या आवृत्त्यांना जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ किंवा त्यापुढची लागते. जुन्या मशीनवर ती नसते, आणि ते मशीन आपल्या मालकीचंही नसतं. मी हे साधन निवडलं ते या कारणासाठी. ही अडचण तुमच्या वाट्याला आली नसेल, तर ज्यांच्या वाट्याला येते त्यांना दिखाऊ म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

डीबगरसाठी जीडीबी आहे, डीएपीचं (एडिटर आणि डीबगर जोडणाऱ्या प्रोटोकॉलचं) प्लगिन आहे, त्यावर वेगळं लिहीन. नव्या सहकाऱ्याने हवा तो एडिटर वापरावा, रेपॉझिटरीत एडिटरकॉन्फिग (कुठल्याही एडिटरला इंडेंटेशनसारखे नियम सांगणारी फाइल) आणि फॉरमॅटरचे नियम असले की पुरे.

पुन्हा लिहाल तेव्हा नावानिशी लिहा. सोबत टीमक्सची आणि विमची आवृत्ती, प्रोजेक्टची भाषा आणि नाव बदलताना नेमका कोणता एरर आला तेही कळवा. त्यावर मी नक्की उत्तर देईन. विशेषणांवर पुन्हा देणार नाही.