कायद्याची चौकट कोणी आखली?

नमस्कार. एमआरआयची पूर्वपरवानगी विमा कंपनीने नाकारल्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत : कंपनी कायद्याच्या चौकटीत राहून नफा मिळवते, तेव्हा तिच्यावर चिडणे भाबडेपणाचे आहे, आणि अमेरिकेतला कायदा ज्यांना पटत नाही त्यांनी लोकप्रतिनिधी बदलावेत. ही चौकट आखताना कंपन्या बाहेर उभ्या असत्या, तर पहिला आक्षेप मी मान्य केला असता.

२००९ साली सिनेटच्या अर्थ समितीचे अध्यक्ष मॅक्स बॉकस यांच्याकडे आरोग्य विधेयकाच्या मसुद्याचे काम पाहणाऱ्या लिझ फाउलर पूर्वी वेलपॉइंट या विमा कंपनीत उपाध्यक्ष होत्या. (त्या विषयाच्या जाणकार होत्या यात वाद नाही, ही जाण विमा कंपनीबाहेर फारशी मिळत नाही, हाच तर पेच आहे.) खासगी विम्याऐवजी सरकारी विमा घेण्याचा पर्याय प्रतिनिधिगृहाने नोव्हेंबरमध्ये मंजूर केला होता, परंतु सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मते लागत आणि सत्ताधाऱ्यांकडे नेमकी तेवढीच असल्यामुळे त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार आला होता. कनेक्टिकट राज्याचे सिनेटर जो लीबरमन यांनी तो वापरला आणि डिसेंबरमध्ये हा पर्याय विधेयकातून गळला. त्यांच्या राज्यातले हार्टफर्ड हे विमाधंद्याचे जुने माहेरघर आहे. तिथल्या नोकऱ्यांचा विचार त्यांनी केला असेल, असे आपण म्हणाल, आणि त्यात थोडे तथ्यही आहे.

या विधेयकाचा पुढे कायदा झाला; त्याने काहीच साधले नाही, असे माझे म्हणणे नाही. आधीच्या आजारामुळे विमा नाकारणे २०१४ पासून बंद झाले, ही मोठी गोष्ट आहे. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी आवश्यक आहे की नाही, याचा पहिला निवाडा मात्र कंपनीकडेच राहिला.

आता लोकप्रतिनिधी बदलण्याविषयी. विमा कंपन्यांची संघटना उघडपणे सुधारणेला पाठिंबा देत असताना तिने २००९ मध्ये यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगधंद्यांच्या संघटनेला ८ कोटी ६२ लाख डॉलर दिले आणि चेंबरने त्या पैशातून विधेयकाविरुद्ध मोहीम चालवली. काही रक्कम गेल्याची बातमी आधी आली होती, पण पूर्ण आकडा नोव्हेंबर २०१० च्या मध्यावर उघड झाला. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक त्याच महिन्याच्या २ तारखेला होऊन गेली होती.